वाहने व सल्ले

हुस्नबानू वर्तमानपत्र उलटं धरून वाचते, हे सय्यदनगरातल्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. गल्लीत नवीन राहायला आलेली एखादी बाई भाबडेपणानं सांगायची, "अहो, पेपर उलटा धरलाय तुम्ही," तेव्हा बाकीच्या तोंडावर ओढणी घेऊन हसायच्या. हुस्नबानू शांतपणे पुढची बातमी वाचायला घ्यायची. मराठी अक्षर सुलटं दिसलं की तिला अडखळायला व्हायचं, त्याला ती तरी काय करणार?

याचं मूळ नवऱ्याच्या धंद्यात होतं. अमीन पेंटर म्हणजे एके काळी हडपसरपासून मार्केट यार्डापर्यंत नाव. आडत्यांच्या गाळ्यांवरच्या पाट्या, दवाखाने, पिठाच्या गिरण्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सगळं त्याच्या हातचं. त्याची पाटी दुरून ओळखू यायची. बाकीचे पेंटर प्रत्येक शब्दावर वेगळी रेघ देत, हा मात्र अख्खी ओळ एकाच लांब रेघेला टांगायचा. ती रेघ तो सगळ्यात शेवटी ओढायचा, एका दमात, आणि तेवढा वेळ घरात कुणी शिंकायचंसुद्धा नाही.

घर म्हणजे एक खोली. पाटीचा मोठा पत्रा जमिनीवर आडवा टाकला की खोली संपली. अमीन दाराकडच्या उजेडात बसून अक्षरांच्या कडा आखायचा आणि हुस्नबानू त्याच्या समोर, शेगडीच्या बाजूला बसून आत रंग भरायची. लग्न होऊन आली तेव्हा तिची उर्दू शाळा सातवीपर्यंत झालेली होती. मराठी ती या पत्र्यांवर शिकली, आणि समोरच्या बाजूनं शिकली म्हणून उलटी शिकली. त्याच्याकडून डावीकडून उजवीकडं जाणारी ओळ तिच्याकडून उजवीकडून डावीकडं यायची, म्हणजे उर्दूसारखीच. तिला ते सोयीचं वाटलं. पुढं मुलगी मिसबा शाळेत जायला लागली, तेव्हा बाराखडीही तिनं पुस्तक मधे ठेवून, समोर बसूनच शिकवली.

पाटी पुरी झाली की कोपऱ्यात लाल रंगात सही पडायची: अमीन पेंटर. आखायचा तो, भरायची ती. बाजारात शिडी लावून पाटी ठोकायला अर्थातच तो एकटा जायचा. पेंटरची बायको शिडीवर चढलेली बघितली असती, तर त्या काळी रस्त्यावरची वाहतूक थांबली असती.

मग फ्लेक्स आले. कॉम्प्युटरवर अक्षरं आयती मिळायला लागली, गुळगुळीत, रंगीत, आणि वर मालकाचा हसरा फोटो. अमीननं काही वर्षं ओढून धरलं. शेवटी ब्रश रॉकेलमध्ये धुतले, डब्यात घालून माळ्यावर टाकले आणि काचेच्या एका आयटी इमारतीत सिक्युरिटीची नोकरी धरली. पाचव्या मजल्यावर लिफ्टच्या समोर टेबल, टेबलामागं खुर्ची, खुर्चीत तो. दिवसभर काय करता, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "लिफ्ट उघडते. मग बंद होते."

त्या काचेच्या इमारतीसमोर जुना जकात नाका होता. जकात बंद झाली तशी ट्रकांची रांग गेली, पावत्या फाडणारे कारकून गेले, आणि मागं उरलं सिमेंटचं लांबरुंद अंगण. ट्रक वजनकाट्यावर चढायचे तो उतार चाकांनी घासून घासून आरशासारखा झाला होता. एवढी मोकळी जागा हडपसरात बिल्डरांच्या नजरेतून सुटली कशी, देव जाणे. पण सुटली, आणि तिघींना सापडली.

पहिली मिसबा, आता बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. दुसरी प्रियदर्शनी, यवतमाळहून आलेली, त्याच काचेच्या इमारतीत नोकरी करणारी. पहिल्या पगारात हिनं आईला साडी घेतली आणि स्वतःला स्केटबोर्ड. तिसरी नम्रता, फुरसुंगीची, दहावीतली. ती घरी क्लासला जाते म्हणून सांगायची. ते खोटं नव्हतं, कसला क्लास ते कुणी विचारलं नव्हतं इतकंच.

चार चाकांची ती फळी वजनकाट्याच्या उतारावरून सोडायची, अंगणभर फिरवायची, पडायचं, कोपर फुंकायचं, परत चढायचं. वर्षभरात एका फळीच्या तीन झाल्या आणि रविवारी वीसेक मुली जमायला लागल्या. फळीच्या पोटावर मिसबानं काय काय रंगवलं होतं: लाल मिरची, डोळे, दात काढून हसणारी एक बाई. मुलगी उडाली की तेवढ्यापुरती ती बाई सगळ्यांना दात दाखवायची.

बघे अर्थातच जमत. आणि पुण्यातला बघ्या नुसता बघत नाही, सल्ला देतो. ओढणी चाकात अडकेल. हात मोडला तर लग्न कोण करील? यापेक्षा बॅडमिंटन बरं. संध्याकाळचं तरी येत जाऊ नका. मुलं शेजारीच भर रस्त्यात क्रिकेट खेळत, गाड्यांच्या काचा फोडत, त्यांना मात्र कधी कुणी काही सुचवलं नाही.

एके दिवशी फाटकावर नगरसेवक आप्पासाहेबांचा फ्लेक्स लागला. येत्या बुधवारी सकाळी, त्यांच्या शुभहस्ते, जुन्या नाक्यावर आयटी बंधूंसाठी पे अँड पार्क. तिघी त्यांना भेटायला गेल्या. आप्पासाहेबांनी चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं.

"पोरींनो, मी तुमच्यासाठी महिला दिनाला हळदीकुंकू ठेवतोच की," ते म्हणाले.

"आप्पासाहेब, अख्ख्या हडपसरात मुलींनी नुसतं उभं राहावं अशी एक जागा दाखवा," मिसबा म्हणाली. "बसस्टॉप सोडून."

आप्पासाहेबांनी तिला बिस्किट घ्यायला सांगितलं.

त्या रात्री मुलींनी नाक्याच्या भिंतीवर स्प्रेनं लिहिलं, 'ही जागा आमची'. सकाळी भिंतीला चुना लागलेला होता आणि चुन्यावर नवा फ्लेक्स होता: माता-भगिनींचा सन्मान हाच आमचा ध्यास. खाली हात जोडलेले आप्पासाहेब.

मिसबा घरी आली ती डोळे लाल करून. तिनं फोनवर भिंतीचा फोटो दाखवला, चुना लागायच्या आधीचा. हुस्नबानूनं फोन उलटा केला आणि बराच वेळ बघितलं.

"घाईत लिहिलंत," ती म्हणाली. "जागेतला ज बघ, पडायला आलाय. मी आप्पासाहेब असते तर मीही पुसलं असतं."

"अम्मी, रात्री अंधारात, कुणी बघेल म्हणून..."

"तिथंच चुकलं. रात्री लिहिणाऱ्याला लोक चोर म्हणतात. दिवसा रंगाचा डबा घेऊन बसलं की पेंटर म्हणतात. काम तेच."

आणि मग, आपण काय बोलून बसतो आहोत हे कळायच्या आत, ती म्हणाली, "मी आखते."

मिसबा बघतच राहिली. हुस्नबानूलाही स्वतःचं नवल वाटलं. उभ्या आयुष्यात तिनं रस्त्यावर एक अक्षर काढलं नव्हतं, आखणं तर दूरच. पण हात शिवशिवत होते आणि ते तिला आवडत होतं. भिंत मात्र तिनं नको म्हटलं. भिंतीवरचं अक्षर सुलटं उभं राहतं, तिथं तिचा हात चालला नसता, आणि भिंत काय, पुन्हा चुना मारला की संपली. तिला हवी होती जमीन. वजनकाट्यापासून फाटकापर्यंतचं अख्खं अंगण.

काय लिहायचं यावर मुलींनी खूप डोकं चालवलं. समता, हक्क, आकाश, पंख, सगळं झालं.

"घोषणा लोक सोडून देतात," हुस्नबानू म्हणाली. "पाटी लिहा. पुण्यात माणूस पाटी वाचल्याशिवाय पुढं जात नाही."

पाटी मिसबानं केली. येथे मुली खेळतात. वाहने व सल्ले बाहेर ठेवावेत. प्रियदर्शनी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

अमीनला कुणी काही सांगितलं नाही. पार्किंग त्याच्याच इमारतीतल्या साहेबांसाठी होणार होतं. त्यानं नको म्हटलं नसतं, पण रात्रभर छताकडं बघत पडला असता. हुस्नबानूनं माळ्यावरून ब्रशांचा डबा तेवढा उतरवला.

मंगळवारी सकाळी ती नम्रताबरोबर नाक्यावर पोचली. मिसबाचं कॉलेज दुपारपर्यंत होतं, प्रियदर्शनीची ड्यूटी संध्याकाळी संपणार होती. फाटकावर ठेकेदारानं पोपट नावाचा रखवालदार बसवला होता, आणि मुलींना आत सोडायचं नाही असा त्याला हुकूम होता. नम्रता त्याला बघून मागच्या मागं सरकली. हुस्नबानू सरळ चालत गेली. तिच्या हातात रंगाचे डबे होते, खांद्यावर दोऱ्याचं रीळ होतं.

पोपटनं डबे बघितले, दोरा बघितला. "मार्किंगचं काम हाय व्हय ताई?"

"हो," हुस्नबानू म्हणाली. मार्किंगच तर होतं.

"मग खुर्ची हलवू का?"

"हलवा थोडी."

पोपटनं खुर्ची हलवली, नम्रताला मदतनीस समजून आत सोडलं, आणि दुपारी त्यानं दोघींसाठी चहासुद्धा सांगितला.

हुस्नबानूनं बुरखा उतरवून कारकुनाच्या पडक्या केबिनच्या खिळ्याला अडकवला आणि ओढणी कमरेला खोचली. निळीत बुडवलेला दोरा नम्रताच्या हातात देऊन ताणला आणि टिचकी मारली. सिमेंटवर निळी रेघ उमटली. मग ती रेघेच्या अलीकडं बसली, घरी बसायची तशी, आणि अक्षरं आखायला लागली. एकेक अक्षर बाजेएवढं. रस्त्यावरून हॉर्न वाजत होते, बसचे कंडक्टर ओरडत होते, कुणीतरी फाटकातून डोकावून जात होतं. तिनं कुणाकडं बघितलं नाही. रस्त्याकडं पाठ, तोंड काचेच्या इमारतीकडं. सकाळी वरून कुणी बघितलं असतं तरी बारीक रेघाच दिसल्या असत्या, आणि दुपारी इमारतीवर ऊन यायचं, म्हणून तिचे पडदे खाली होते.

दुपारी मिसबा आली, हातातला रोलर बघून पोपटनं तिलाही सोडलं, आणि ती भरायला बसली. अक्षर एवढं मोठं की आत बसलेल्याला फक्त आपल्यापुरता पांढरा रंग दिसायचा. संध्याकाळी, पोपट घरी गेल्यावर, प्रियदर्शनीही फळ्या घेऊन आली आणि कामाला लागली. सगळी अक्षरं भरून झाली, आणि फक्त रेघ राहिली. प्रत्येक ओळीवर एक, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

हुस्नबानूचे हात थांबले. इतक्या वर्षांत रेघ तिच्या वाट्याला कधी आली नव्हती. रेघ अमीनची. आणि तो ती उभ्यानं, दोन पावलांत ओढायचा. इथं अंगणभर चालत, वाकून ओढायची म्हणजे पावलागणिक हात हलणार.

"अम्मी," मिसबा म्हणाली, "बस."

तिनं पायानं स्केटबोर्ड पुढं सरकवला होता.

हुस्नबानू बसली. फळी खाली सरकली तशी ती किंचाळली, मुली हसल्या, तीही हसली. मिसबानं मागून तिचे खांदे धरले. नम्रता दुसऱ्या फळीवर पुढं उभी राहिली. तिच्या हातातल्या डब्याला खिळ्यानं भोक पाडलेलं होतं. ती निळ्या रेघेवरून घरंगळत निघाली, डब्यातून रंगाची बारीक धार सुटली, आणि मागोमाग हुस्नबानू निघाली, रुंद ब्रश जमिनीला टेकवून. चाकं सिमेंटवर गुरगुरत होती. हात हलत नव्हता. पांढरी रेघ तिच्या हाताखालून निघत होती आणि संपत नव्हती. येथे गेलं, मुली गेलं, खेळतात गेलं, एकामागून एक सगळी अक्षरं रेघेला लागत गेली. त्या टोकाला फळी थांबली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण श्वास धरून ठेवला आहे. तिनं तो सोडला. एवढा आनंद तिला मिसबा झाली तेव्हाच झाला होता.

दुसरी रेघही तशीच निघाली. तोवर दिवे लागले होते.

मिसबा फोटो काढायला फाटकाजवळच्या केबिनच्या छपरावर चढली. उद्या आप्पासाहेब या फाटकातून येणार, त्यांना पहिल्या पावलाला पाटी दिसायला हवी, अशी सगळी योजना होती. ती वर उभी राहिली. फोन डोळ्यांपुढं धरला, मग खाली केला.

"अम्मी," ती म्हणाली. "उलटं आहे."

खाली कुणाला कळेना.

"फाटकातून उलटं दिसतंय सगळं. पायाला डोकं, डोक्याला पाय."

नम्रता हळूच म्हणाली, "मला सकाळीच दिसलं व्हतं. पर मला वाटलं, काकूंची तशीच पद्धत हाय."

"अम्मी, तू फाटकाकडं तोंड करून बसायला हवं होतंस! आता उद्या त्याला काय दिसणार? जिलब्या!"

रंग धरला होता. तो खरवडायला रात्र पुरली नसती. प्रियदर्शनीनं मिसबाला खाली उतरवलं आणि सगळ्यांनी डबे गोळा करून केबिनमागं ठेवले.

हुस्नबानू अंथरुणावर पडली, पण झोप नव्हती. चूक कशी झाली ते तिला स्वच्छ कळत होतं. समोरच्या बाजूनं आखायची तिची सवय, म्हणजे फाटकातल्याला सुलटं दिसायला तिनं फाटकाकडं तोंड करून बसायला हवं होतं. आणि ती दिवसभर रस्त्याला पाठ करून बसली. मुलींना दिवसाउजेडी लिहायचे धडे देणारी ती, आणि लोकांनी आपलं तोंड बघू नये म्हणून बसायची बाजू बदलून बसली. तिला स्वतःचा भयंकर राग आला. पोरींची एकुलती एक जागा तिच्या लाजेपायी जाणार होती.

सकाळी तिला जायचं नव्हतं. पण मिसबा चप्पल घालून दारात उभी होती, आणि न जाणं म्हणजे पुन्हा पाठ फिरवणंच होतं.

नाक्यावर बँडवाले आले होते. अंगणाच्या मधोमध दोन खांब रोवून फीत बांधली होती, माइक होता, नारळ होता, आणि फीत कापली की आत येण्यासाठी एक पांढरी गाडी हार घालून तयार होती. मुली फाटकाशी गोळा झाल्या होत्या, फळ्या काखेत धरून. पोपट कुणाकुणाला अडवणार? त्यानं नाद सोडला होता. आप्पासाहेब कडक इस्त्रीत आले, सरळ अक्षरांवरून चालत गेले आणि मधे थांबले.

"हे पांढरं काय रे?"

"मार्किंग हाय साहेब," पोपट म्हणाला. "पार्किंगचं. दोन बाया दिवसभर राबल्या."

"झकास!" आप्पासाहेबांनी पायाखालच्या 'सल्ले'कडं कौतुकानं बघितलं. "काम असं नीटनेटकं पाहिजे."

मिसबानं डोळे मिटून घेतले. हुस्नबानूला जमीन दुभंगेल तर बरं असं वाटत होतं. बँड सुरू झाला, आप्पासाहेबांनी कात्री उचलली.

आणि समोर, काचेच्या इमारतीत, सकाळचे पडदे वर जायला लागले.

पहिल्यांदा तिसऱ्या मजल्यावर एक माणूस खिडकीशी आला, हातात कप घेऊन. त्यानं खाली बघितलं. मग वळून कुणाला तरी बोलावलं. दोघं झाले, मग सात-आठ. मग चौथा मजला, मग सहावा. बघता बघता काचेला माणसं चिकटली. सगळ्यांच्या हातात फोन होते. कुणी हसून हसून शेजाऱ्याच्या खांद्याला धरत होतं. कुणी टाळ्या वाजवत होतं. काचेतून आवाज येत नव्हता, पण टाळ्या दिसत होत्या.

आप्पासाहेबांनी वर बघितलं आणि ते गहिवरले. त्यांनी कात्री काखेत मारली, दोन्ही हात जोडले आणि एकेका मजल्याला नमस्कार केला. त्याबरोबर टाळ्या दुप्पट झाल्या.

"आयटीतल्या बंधूंनी जो हा प्रतिसाद दिला," ते माइकवर म्हणाले, "तो बघून मला..."

"अम्मी," मिसबानं हुस्नबानूचा दंड घट्ट धरला. तिचा आवाज चिरकत होता. "अम्मी, तिकडून सुलटं आहे!"

तिनं फोन पुढं केला. प्रियदर्शनीनं आपल्या खिडकीतून फोटो पाठवला होता. करड्या सिमेंटवर दोन लांब रेघा, रेघांना टांगलेली पांढरीशुभ्र अक्षरं, येथे मुली खेळतात, वाहने व सल्ले बाहेर ठेवावेत. आणि 'सल्ले'च्या बरोबर मधे, हात जोडून उभे, आप्पासाहेब. हुस्नबानूनं आयुष्यात पहिल्यांदा फोन उलटा न करता वाचलं.

आप्पासाहेबांचा फोन वाजला. त्यांनी भाषण न थांबवता तो बंद केला. परत वाजला. मग त्यांच्या माणसांचे वाजायला लागले, एकाचा, दुसऱ्याचा, मग सगळ्यांचे. एक जण पुढं येऊन त्यांच्या कानाशी लागला. आप्पासाहेबांनी पायाखाली बघितलं. मान तिरपी केली, मग उलटी करायचा प्रयत्न केला. मग ते शांतपणे अंगणाच्या त्या टोकाला, इमारतीच्या बाजूला चालत गेले, वळले आणि ओठ हलवत वाचलं. बँड आपोआप थांबला.

आता काही झालं तरी ते नगरसेवक होते, आणि निवडणूक पुढच्याच वर्षी होती. वाचून झाल्यावर त्यांनी वर खिडक्यांकडं बघितलं, फाटकाशी उभ्या मुलींकडं बघितलं, त्यांच्या काखेतल्या फळ्यांकडं बघितलं. परत माइकशी आले.

"ही जागा आपल्या लेकींची," ते म्हणाले, "हे मी पहिल्यापासून सांगत आलो आहे."

हार घातलेली गाडी मागं घ्यावी लागली. ड्रायव्हर काच खाली करून विचारत होता की मग लावू कुठं, आणि नम्रता त्याला दोन्ही हातांनी बाहेरचा रस्ता दाखवत होती. "पाटी वाचा की काका! बाहेर हाय जागा!" पुढच्या आठवड्यात फाटकावर नवा फ्लेक्स आला, मुलींच्या क्रीडांगणाबद्दल आप्पासाहेबांचे आभार मानणारा. तो कुणी लावला हे विचारण्यात अर्थ नव्हता. पण ते पुढचं. त्या सकाळी मुली नुसत्या ओरडत आत धावल्या, फळ्या जमिनीवर आपटल्या, आणि रेघांवरून चाकं सुटली. हुस्नबानू तिथंच उभी राहून रडत होती आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. तोंड झाकायचंही तिला सुचलं नाही.

"रेघ कुणी ओढली?"

मागं अमीन उभा होता, सिक्युरिटीच्या निळ्या कपड्यांत, धापा टाकत. पाच मजले तो जिन्यानं उतरून आला होता. लिफ्ट उघडून बंद होत राहिली असेल.

हुस्नबानूनं डोळे पुसले. "का?"

"सगळे खिडकीकडं पळाले, म्हणून मीही उठलो. बघितलं आणि म्हटलं, माझी पाटी इथं कुठून आली? मग नीट बघितलं." त्यानं रेघेकडं बोट केलं. "बानू, अशी रेघ मला कधी जमली नाही. लोक वर विचारतायत, कुणाचं काम आहे. मी सांगितलं, माझ्या घरचं."

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे," तो म्हणाला. लगेच त्याला त्याची भीती वाटली आणि तो म्हणाला, "नाही जाणार. साहेब स्वतः फोटो काढत होता." मग तो अंगणाच्या त्या टोकाकडं बघत राहिला. "पण कोपऱ्यात नाव नाही टाकलं?"

हुस्नबानूच्या हे मनातही आलं नव्हतं. पाटीवर नाव असतं ते अमीनचं.

"तुम्ही टाका," ती म्हणाली.

"मी पाटी लिहिलेली नाही," अमीन म्हणाला.

केबिनमागं कालच्या डब्यांत एक न उघडलेला लाल डबा होता. मिसबा ब्रश घेऊन आली. सही शेवटच्या ओळीच्या खाली, कोपऱ्यात पडते, म्हणजे इमारतीच्या बाजूला. हुस्नबानू तिकडं गेली. जमिनीवरची आपली अक्षरं तिला पहिल्यांदाच सुलटी दिसत होती आणि ती परक्यासारखी वाटत होती. ती समोर बसायला गेली, सवयीप्रमाणं, पण तिथं अमीन आधीच मांडी घालून बसला होता. तिची जागा त्यानं घेतली होती. तिला त्याच्या जागेवर बसावं लागलं.

तिनं ब्रश टेकवला. सुलट बाजूनं लिहिताना पहिला हु नवशिक्यासारखा जरा कलला. मुली फळ्या थांबवून भोवती उभ्या राहिल्या होत्या. वर खिडक्यांत अजून माणसं होती. रस्ता तिच्या समोर होता, फाटकात लोक उभे होते, आणि सगळ्यांना तिचं तोंड दिसत होतं. तिनं सावकाश नाव आखलं: हुस्नबानू. मग मान वर करून अमीनकडं बघितलं.

"पेंटर," तो म्हणाला. "पुढं पेंटर लिही."

तिनं लिहिलं. मग दुसरा ब्रश लाल रंगात बुडवून त्याच्या हातात दिला, आणि तो समोरच्या बाजूनं, उलटा बसून, तिच्या नावात रंग भरायला लागला. त्याला ते मुळीच जमत नव्हतं.

"अहो," हुस्नबानू म्हणाली, "कडेच्या बाहेर जातोय रंग."